आपल्याकडे ३१५ बोअरच का?

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना निरोप जातो, शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करा. मग सकाळी सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात म्हातारे शेतकरी, पाटील मंडळी, बँकेचे वॉचमन अशी रांग लागते. हवालदार रजिस्टरमध्ये नोंदी करत असतो. बोअरच्या रकान्यात काय असतं? बारा बोअर, बारा बोअर, बारा बोअर... आणि मध्येच एखादी रायफल, ३१५ बोअर. जगात शिकारीच्या रायफलींची शेकडो काडतुसं आहेत. अमेरिकेत तर हरणासाठी कोणतं आणि एल्कसाठी कोणतं यावर लोक आयुष्यभर भांडतात. आपल्याकडे मात्र रायफल म्हटली की बहुतेक वेळा तीच एक, ३१५. हे कुणी ठरवलं?

उत्तर शोधायला गेलं की माणूस थेट व्हिएन्ना, सुदान आणि वायव्य सरहद्दीवर जाऊन पोचतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोंधळ मिटवू. बारा बोअर मोठी की ३१५ मोठी? नळीच्या तोंडाने मोठी बारा बोअर. तिथलं बारा म्हणजे एका पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती नळी. म्हणून आठ बोअर बाराहून मोठी, आणि चार बोअर त्याहून मोठी. चार बोअरचा एक गोळा पाव पौंडाचा, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर! ३१५ चा हिशोब वेगळा. ते इंचाचे हजारावे भाग, ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर. दोन्हीला आपण बोअरच म्हणतो, त्यामुळे घोळ होतो.

आता शिकाऱ्याला काडतुसाकडून काय हवं असतं ते बघा. गोळी सरळ जावी, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकू नये. पोचेल तेव्हा तिच्यात जोर शिल्लक असावा. आणि अंगात शिरल्यावर ती फुलावी, पण फुटून चुरा होऊ नये. गंमत अशी की या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या मुळावर उठतात. वेग वाढवायला गोळी हलकी केली तर लांब गेल्यावर जोर कमी पडतो. वजन वाढवलं तर गोळी लवकर खाली पडते. वेग फार वाढवला तर जवळच्या अंतरावर गोळीचाच भुगा होतो. काडतूस निवडायचं म्हणजे यातलं काय सोडायचं ते ठरवायचं.

या भांडणाचा एक जुना आणि हुशार साक्षीदार आपल्या शेजारचाच आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात नोकरीला होता, सातपुडा पालथा घातलेला माणूस. त्याचं 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ मध्ये आलं आणि त्याच वर्षी तो गेला. पण त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या एवढ्याच विषयावर एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचा मुद्दा साधा होता. जंगलात नेम चुकतो तो मुख्यतः अंतराचा अंदाज चुकल्यामुळे. जनावर ऐंशी पावलांवर आहे की दीडशे, हे झाडीत कळत नाही. म्हणून मोठ्या तोंडाची नळी घ्या, आत आट्यांचा पीळ अगदी कमी ठेवा, गोल गोळा घाला आणि दारू भरपूर ठासा. गोळा दीडशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ जाईल. त्यापुढे तो झपाट्याने मंदावेल, पण त्यापुढचं जनावर मारायला सांगितलंय कुणी?

म्हणजे 'लांब पल्ला' या शब्दाला मैलांचा अर्थ नाही. सातपुड्यात दीडशे यार्ड म्हणजे लांबच.

मग १८८४ च्या सुमारास फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीपासून सगळा हिशोब बदलला. काळ्या दारूने गोळी सेकंदाला साडेचारशे मीटर गेली तरी पुष्कळ. नव्या दारूने सहाशे, सातशे. नळ्या बारीक झाल्या, गोळ्या लांबुळक्या झाल्या. आता एवढ्या वेगात नुसतं शिसं आट्यांत टिकत नाही, म्हणून त्यावर धातूचं जाकीट आलं. आणि जाकीट आल्यावर नवीनच तक्रार सुरू झाली. गोळी आरपार जाते, पण समोरचा थांबत नाही. ही तक्रार शिकाऱ्यांची जेवढी, तेवढीच सरहद्दीवरच्या इंग्रज सैनिकांची. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रशाळेत कॅप्टन बर्टी-क्ले याने थ्री नॉट थ्रीच्या गोळीचं टोक उघडं ठेवलं, म्हणजे शिसं लागल्यावर फुलतं. शिकाऱ्यांना ही युक्ती नवीन नव्हती. माणसांवर वापरायला मात्र जगाने हरकत घेतली आणि १८९९ च्या हेग परिषदेने फुलणाऱ्या गोळ्या युद्धात बंद केल्या. आज उलटी परिस्थिती बघा, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणावर पूर्ण जाकिटाची गोळी चालवणं बेकायदा आहे, फुलणारीच वापरायची. जनावर लवकर मरावं म्हणून. 'दमदम' हा शब्द मात्र जगभर शिवीसारखा राहिला, आणि आपलं विमानतळाचं गाव त्यात उगीच बदनाम झालं.

हिंदुस्थानात खरा लांब पल्ला लागायचा तो हिमालयात. काश्मीर, लडाख, गिलगिट. मारखोर, आयबेक्स, जंगली मेंढे. मध्ये दरी, पलीकडच्या कड्यावर जनावर, आणि दम लागलेला साहेब दगडाला टेकून नेम धरतोय. इथे फोर्सिथचा गोल गोळा काय कामाचा? इथे लोकप्रिय झालं ते साडेसहा मिलिमीटरचं मॅनलिकर, ज्याला इंग्रज २५६ म्हणत. दहा ग्रॅमची सडपातळ, लांब गोळी, सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास. रायफल हलकी, धक्का कमी, चढावर खांद्याला जड नाही. आज अमेरिकेत २००७ सालच्या साडेसहा मिमी क्रीडमोरचं जे कौतुक चाललंय ना, लांब गोळी, मध्यम दारू, कमी धक्का, त्याचं मूळ सूत्र शंभर वर्षांपूर्वी लडाखच्या वाटेवर लोक खांद्यावर वाहत होते.

पण वेगाचा मोहही वाईट. कॅनडाच्या चार्ल्स रॉसने २८० रॉस नावाचं काडतूस काढलं, हलकी गोळी, सेकंदाला नऊशे मीटर. त्या काळात हे म्हणजे जादूच. दूरच्या हरणावर अप्रतिम. १९११ च्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत जॉर्ज ग्रे नावाचा अनुभवी शिकारी हेच घेऊन सिंहामागे गेला. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचा हा भाऊ. सिंह अंगावर आला, ग्रेने अगदी जवळून गोळ्या घातल्या, लागल्याही, पण सिंह थांबला नाही. काही दिवसांनी ग्रे नैरोबीत मरण पावला. लांबवर जे काडतूस देखणं, ते जवळ दगा देऊ शकतं, हे त्या दिवसापासून शिकाऱ्यांच्या गप्पांत कायमचं जाऊन बसलं. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १९१२ ला, हॉलंड अँड हॉलंडने ३७५ मॅग्नम आणलं. ना फार हलकं, ना फार जड, जवळही चालणारं आणि अडीचशे-तीनशे यार्डांवरही. अजून ते विकलं जातं. गोळी फुटण्यावर खरा उपाय मात्र १९४८ मध्ये अमेरिकेत जॉन नॉस्लरने बाजारात आणला. गोळीच्या मध्ये धातूचा पडदा घातला, पुढचा भाग फुलतो, मागचा आत घुसत राहतो. काडतुसापेक्षा गोळी निवडा, हे शहाणपण तेव्हापासून रुळलं.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं निवडणं ज्याला शक्य होतं त्याचं होतं. साहेबांचं, संस्थानिकांचं. (आमच्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा तर प्रश्नच वेगळा, त्यांच्याकडे काळवीट पकडायला पाळीव चित्ते आणि चित्तेवान होते. चित्त्याला काडतूस लागत नाही.) सामान्य हिंदी माणसासाठी १८७८ चा शस्त्र कायदा होता. लिटनचा. परवान्याशिवाय बंदूक नाही, आणि नियमांत युरोपियनांना सूट. पुढच्याच वर्षी, १८७९ ला, वासुदेव बळवंत फडके पुणे जिल्ह्यात रामोशी गोळा करून उभे राहिले, तेव्हा सरकारला आपण बरोबरच केलं असं वाटलं असणार. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठरावही झाला. काही फरक पडला नाही.

सरकारची भीती फक्त बंदुकीपुरती नव्हती. ती काडतुसाची होती. बंदूक एकदा मिळते, काडतूस रोज लागतं. म्हणून सूत्र असं की सैन्य जे काडतूस वापरतं ते लोकांच्या हातात जाता कामा नये. चोरलेलं काडतूस चालवायला रायफल नको, आणि चोरलेल्या रायफलीला बाजारात काडतूस नको.

याचा सगळ्यात मोठा दणका १९०७ मध्ये बसला, आणि तो बसला चक्क लंडनच्या बड्या बंदूकवाल्यांना. त्या काळी वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी ४५० हे नावाजलेलं काडतूस होतं. दुनळी, महागडी, राजेमहाराजांच्या पसंतीची. पण अडचण अशी की इंग्रज फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफलही ४५० च्याच मापाची. फौजेने ती केव्हाच सोडली होती, पण सरहद्दीवर पठाणांकडे आणि तिकडे सुदानात त्या पुष्कळ शिल्लक होत्या. शिकाऱ्याच्या काडतुसातली गोळी काढून मार्टिनीच्या पुंगळीत बसवली तर? म्हणून हिंदुस्थान आणि सुदानात ४५० बंद. संपलं.

लंडनच्या दुकानदारांनी मग काय केलं? गोळीचं माप किंचित बदललं. जोसेफ लँगचं ४७०, हॉलंडचं ४६५, वेस्टली रिचर्ड्सचं ४७६, जेफ्रीचं ४७५ नंबर दोन, सगळी या बंदीच्या धक्क्यातून पुढे आली. जनावराच्या दृष्टीने यांच्यात आणि ४५० मध्ये सांगण्यासारखा फरक नाही. आज आफ्रिकेत हत्तीचं अभिजात काडतूस म्हणून ४७० चं नाव घेतात. ते अभिजात झालं ते कलकत्ता-सिमल्याच्या फायलींमुळे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

त्याच वर्षी, १९०७ ला, जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. त्या दिवशीचा प्रसंग ज्यांनी वाचलाय त्यांना आठवत असेल, त्याच्याकडे काडतुसं तीनच होती, ती संपली आणि शेवटची गोळी त्याला तहसीलदाराची जुनी बंदूक मागून झाडावी लागली. बक्षीस म्हणून संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट यांनी त्याला एक रायफल दिली, रिग्बीची २७५. आता २७५ रिग्बी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, जर्मन माउझरचं ७ मिलिमीटर. याच काडतुसाने काही वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांना लांबून टिपलं होतं. पण हिंदुस्थानातली कुठलीही पलटण ते वापरत नव्हती. म्हणून चालतं. नाव इंग्रजी केलं की झालं.

आणि नेमकं इथेच आपलं ३१५ येतं. थ्री नॉट थ्री फौजेची, त्यामुळे सामान्य परवानाधारकाला नाही. पण बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची यंत्रं, तिचे ली पद्धतीचे बोल्ट, सगळं थ्री नॉट थ्रीच्या मापाचं. हिंदुस्थानी गिऱ्हाइकासाठी असं काडतूस हवं की जे याच रायफलीत थोड्या फरकाने बसेल, पण फौजेच्या उपयोगाचं नसेल. ते सापडलं ऑस्ट्रियाच्या लष्करात. १८९० च्या सुमाराचं ८ मिमी मॅनलिकर, थ्री नॉट थ्रीसारखंच बुडाला कड असलेलं. ऑस्ट्रियाचं सैन्य काही खैबरखिंडीत नव्हतं. झालं, हिंदी माणसाची रायफल ठरली. त्या काडतुसाने काय मारायचं, किती अंतरावरून, जंगलात की माळावर, हा विचार यात कुठेच नव्हता. वाघाला, रानडुकराला आणि नीलगायीला काय लागू पडेल हे बघून ते निवडलेलं नाही. हिंदी माणसाच्या हातात काय असलेलं सरकारला परवडेल, हे बघून निवडलं.

स्वातंत्र्य आलं. साहेब गेले, सूत्र राहिलं. १९५९ चा नवा शस्त्र कायदा आला, त्यातही प्रतिबंधित बोअर ही कल्पना कायम. ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात ३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनू लागली. तिची काडतुसं आपल्या खडकीलाही बनली, १८६९ पासून चालू असलेल्या दारूगोळा कारखान्यात. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' छाप दिसला तर ती खडकीची. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचं साम्राज्य १९१८ ला संपलं, त्याचं काडतूस मात्र आपल्या सरकारी कारखान्यांनी सांभाळलं.

आणि कायद्याची केवढी फजिती बघा. फौजेचं काडतूस गुन्हेगाराला मिळू नये म्हणून जे ३१५ पुढे आणलं, तेच आज उत्तरेकडच्या गुन्ह्यांच्या बातम्यांत रोज दिसतं. '३१५ बोअरचा देशी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त.' कट्टा बनवणारा बाजारात जे काडतूस आहे त्याच्या मापाची नळी बसवतो. त्याला ऑस्ट्रिया आणि खैबर यांचं काय घेणं?

हे सगळं आज का उगाळतोय? कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, पण शिकारीचा प्रश्न संपला नाही. विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात रानडुकरांनी आणि नीलगायींनी पिकं उद्ध्वस्त होतात, शेतकरी रात्र रात्र मचाणावर बसतो. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकांना धोका असलेल्या ठरावीक जनावरांना मारण्याची परवानगी देण्याची सोय आहे. २०१६ मध्ये बिहारमध्ये हैदराबादहून नेमबाज बोलावून नीलगायी मारल्या, तेव्हा दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर वाद झाला. मारावं की नाही यावर आपण तावातावाने बोलतो. परवानगी मिळाली तर कशाने मारायचं, यावर कुणीच बोलत नाही. जणू काही सगळ्या गोळ्या सारख्याच.

थोडा साधा हिशोब करू. ३१५ ची गोळी साधारण सोळा ग्रॅमची, गोल टोकाची, सुटताना वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास. रानडुकरासाठी ऐंशी-शंभर मीटरवर ती चांगलीच आहे, माझं तिच्याशी काही वैर नाही. जड गोळी, मध्यम वेग, उगीच फुटत नाही. पण शंभर मीटरवर नेम बसवलेली हीच रायफल तीनशे मीटरवर नेमापेक्षा एक मीटरहून जास्त खाली मारते. ३०० विंचेस्टर मॅग्नमसारखं आजचं लांब पल्ल्याचं काडतूस तेवढ्याच अंतरावर फुटभर खाली जातं. म्हणजे मोकळ्या माळावर, हरभऱ्याच्या शेताच्या त्या टोकाला उभ्या नीलगायीवर ३१५ चालवणारा माणूस एक तर गोळी मातीत घालतो, नाही तर पाय नाही तर पोट. पोटात गोळी लागलेलं जनावर रात्रभर चालत राहतं आणि तिसऱ्या गावाच्या ओढ्यात जाऊन मरतं. पंचनामा कोण करणार, आणि काय लिहिणार?

बरं, मग शेतकऱ्याला लांब पल्ल्याची मॅग्नम द्या म्हणावं का? अजिबात नाही. लडाखच्या कड्यावर चुकलेली गोळी डोंगरात जाते. आपल्याकडे शेताच्या बांधापलीकडे वस्ती, वस्तीपलीकडे रस्ता, रस्त्यावर दूधवाला. कुठल्याही मोठ्या रायफलीची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, ३१५ चीसुद्धा. सपाट मुलखात मचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीत जाते, म्हणून जुने लोक मचाण बांधायचे; नुसतं वाघाच्या भीतीने नाही. माझ्या मते गावाजवळच्या डुकरासाठी मचाण, बारा बोअरची एकगोळी काडतुसं आणि चाळीस-पन्नास मीटरचं अंतर हेच बरं. फोर्सिथ दीडशे वर्षांपूर्वी जवळपास हेच म्हणत होता. नीलगायीला मोकळ्या रानात मारायचं ठरलं, तर ते गावातल्या परवानाधारकाचं काम नाही. योग्य काडतूस, दुर्बीण आणि सराव असलेल्या माणसाचं आहे, आणि मागे डोंगर किंवा बंधारा असेल तिथेच. परवानगीच्या कागदावर जनावराचं नाव, गट नंबर, मुदत असं सगळं लिहितात, तर कोणतं काडतूस आणि जास्तीत जास्त किती अंतर, हे दोन रकाने वाढवायला काय हरकत आहे?

अमेरिकेतही यावरून वाद आहेच. आठशे-हजार यार्डांवरून एल्क मारल्याचे व्हिडिओ लोक टाकतात आणि बून अँड क्रॉकेट क्लबसारखी जुनी शिकारी संस्था म्हणते, ही शिकार नव्हे. गोळी पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात जनावराने एक पाऊल टाकलं तरी खेळ संपला. काडतूस कितीही चांगलं असलं तरी तेवढ्या वेळाचं काही करता येत नाही.

असो. एक विनंती. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे जुने परवाने ट्रंकेत पडले असतील, त्यांनी काढून बघा आणि बोअरच्या रकान्यात काय लिहिलंय तेवढंच कळवा. नाव, पत्ता, परवाना नंबर काही टाकू नका. १९४७ च्या आधीच्या कागदावर ३१५ सोडून दुसरं काही सापडलं तर ते वाचायला मला फार आवडेल.